महासंघाची शेवटची आकडेवारी

मधुकर : ...कारण प्रभंजन, साम्राज्यं लयाला जातात, पण त्यांची आकडेवारी मागे उरते. इतिहास म्हणजे शेवटी तेवढंच.

प्रभंजन : सर, ही आकडेवारी रविवारी दुपारपर्यंतच उरणार. बघा की, नोटीस लावलीय पहिल्याच पानावर. मग सर्व्हर बंद, गेम बंद.

मधुकर : म्हणून तर शाळा सुटल्याबरोबर तुझ्या इंटरनेट सेंटरवर आलो. काढून दे सगळं.

प्रभंजन : तुमचं दिलं की मघाशी. एक्सेलमध्ये घेतलं, छापलं. गेममधली तुमची तीन गावं : अमरगोळ, रायापूर, दाजीबानपेठ. तिन्ही ठिकाणी गव्हाची कोठारं भरलेली. सैनिक एक नाही.

मधुकर : सैन्य मी ठेवलंच नाही. जन्मभर इतिहास शिकवतोय, सैन्य ठेवून काय होतं ते मला ठाऊक आहे. पण मला हे नकोय. मला महायुद्धाचे आकडे हवेत. दोन हजार तीन सालचे.

प्रभंजन : ते गेममधल्या महासंघाच्या पानावर. ते पान तुम्हाला उघडत नाही. सदस्यालाच दिसतं, आणि एक्सपोर्टचं बटण तर फक्त अध्यक्षाला.

मधुकर : ‘उत्तर कर्नाटक महासंघ’ हे नाव कोणी ठेवलं? घटना कोणी लिहिली?

प्रभंजन : हौद्री, होय सर, तुम्हीच. पण अध्यक्ष वकीलअण्णा. आणि त्यांनी तुम्हाला काढून टाकलंय.

मधुकर : सहा वर्षं झाली त्याला. मी विसरूनही गेलो.

प्रभंजन : म्हणून मी त्यांना फोन केला.

मधुकर : काय केलंस?

प्रभंजन : फोन. हे काय, आलेच. बर्री वकीलअण्णा, बर्री! आत या.

जयतीर्थ : प्रभंजन, फोनवर तू म्हणालास सेंटरमध्ये गिऱ्हाईक नाही.

प्रभंजन : नाहीच की. सर काय गिऱ्हाईक आहेत?

मधुकर : नमस्कार वकीलसाहेब. घाबरू नका, मला आपल्याकडून फक्त एक फाइल हवी आहे. मिळाली की मी जातो.

जयतीर्थ : नमस्कार, सर. संघाचे आकडे बाहेरच्या माणसाला देता येत नाहीत. घटनेत तसं कलम आहे.

मधुकर : ते मी हेरांसाठी घातलं होतं.

जयतीर्थ : कलमात हेर हा शब्द नाही. आपण पुन्हा सदस्य होण्यासाठी अर्ज करू शकता.

मधुकर : मी? अर्ज? तुमच्याकडे?

प्रभंजन : चहा सांगू?

मधुकर : नको.

जयतीर्थ : नको.

प्रभंजन : तीन सांगतो. आणि उभ्यानं भांडू नका, आपापल्या केबिनला बसा. बाकीच्या मोडून मोबाइल रिचार्जचं काउंटर केलं, तुमच्या तेवढ्या दोन ठेवल्यात.

(दोघे शेजारशेजारच्या केबिनमध्ये जाऊन बसतात. मध्ये प्लायवूड. यापुढे एकाला दुसरा दिसत नाही.)

मधुकर : काढलंत त्या दिवशीही मी इथंच बसलो होतो. आणि आपण तिथं. स्क्रीनवर इंग्रजीत आलं, तुम्हाला महासंघातून काढण्यात आलं आहे. मी गव्हाची गाडी तुमच्याकडे पाठवत होतो, वकीलसाहेब. ती अर्ध्या वाटेवर होती. प्लायवूडवर ठोकून सांगता आलं नसतं?

जयतीर्थ : रीतसर नोटीस दिली होती. गेममधल्या तुमच्या टपालात. खुलाशासाठी आठ दिवसांची मुदतही दिली. उत्तर आलं नाही.

मधुकर : टपाल मी उघडतच नव्हतो.

जयतीर्थ : का?

मधुकर : प्रभंजननं बजावलं होतं. आलेलं काहीही उघडू नका, व्हायरस येतो.

प्रभंजन : त्या वेळी येत होता, सर.

जयतीर्थ : म्हणजे तुम्ही नोटीस वाचलीच नाही?

मधुकर : नाही. पुढे ती आपोआप पुसली गेली असणार. काय होतं त्यात?

जयतीर्थ : आता काय उपयोग.

मधुकर : इतिहासासाठी विचारतोय.

जयतीर्थ : गेम चालवणाऱ्यांचं मला पत्र आलं होतं. म्हणे, ही दोन खाती रोज एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी उघडतात, एकाच वेळी बंद होतात, सारखी एकमेकांना गहू पाठवतात आणि लाइट गेली की दोन्ही एकदम गायब होतात. त्या अर्थी ही दोन माणसं नव्हेत, एकच आहे. एकाच माणसानं दोन खाती चालवणं हा गुन्हा. दोन्ही पुसून टाकू.

मधुकर : आपण दोघं म्हणजे एकच माणूस, असं त्यांना वाटलं?

जयतीर्थ : पुराव्यावरून तसंच दिसत होतं.

मधुकर : आणि तू तो गैरसमज दूर केलास.

जयतीर्थ : तू?

मधुकर : आपण.

जयतीर्थ : तुला काढलं की आपण दोन वेगळी माणसं दिसू, तुझी गावं वाचतील, म्हणून केलं. प्रकरण निवळलं की अर्ज कर, लगेच परत घेतो, असं नोटिशीत शेवटी लिहिलं होतं. तू अर्ज केला नाहीस. वर कोर्टासमोर मला बघून रस्ता ओलांडलास. दोनदा.

मधुकर : तिथं सावली होती.

प्रभंजन : बोलू का एक? सर शनिवारी दुपारी येतात. नुसतं खातं उघडतात, गहू बघतात, जातात. अण्णा सोमवारी खऱ्या रायापूरहून बस धरून येतात, तेच करतात. दोघांनीही मला शपथ घातलेली, आलो होतो म्हणून सांगायचं नाही.

मधुकर : प्रभंजन!

प्रभंजन : गेमच मरतोय सर, शपथ कुठली राहते? इरली बिड्री, असू द्या, सोडा.

मधुकर : तू कशाला येत होतास रे, जया? रायापुरात नेट नाही का?

जयतीर्थ : अध्यक्ष फार दिवस फिरकला नाही तर संघ पुसला जातो.

मधुकर : मग पुसू द्यायचा. आमंत्रणाचं बटण तुझ्याकडेही होतं की.

जयतीर्थ : काढून टाकलेल्या माणसानं अपील करायचं असतं. न्यायाधीश घरी जाऊन विचारत नाही.

मधुकर : काय हा तुझा कायदा!

जयतीर्थ : घटना तूच लिहिलीस.

प्रभंजन : लाइट गेली! हलू नका, यूपीएसवर आहे. पण बॅटरी जुनी आहे सर, फार वेळ टिकणार नाही. काय ते लवकर करा.

मधुकर : कुठं असतो तो अर्ज?

प्रभंजन : वर, डावीकडं. तो हिरवा.

मधुकर : हं. ‘कारण लिहा’ म्हणतोय.

जयतीर्थ : ते रिकामं सोडलं तरी चालतं.

मधुकर : सोडलं. पाठवलं. ...जया? आला का?

प्रभंजन : यूपीएस ओरडायला लागला, अण्णा.

मधुकर : जया, पुन्हा नोटीस देत बसू नकोस. मी आजही टपाल उघडत नाही. ...हे प्लायवूड कोण ठोकतंय?

जयतीर्थ : मी. घेतलं म्हणून सांगतोय.

प्रभंजन : आता एक्सपोर्ट दाबा अण्णा, दाबा! ...आली फाइल. आणि लाइटही आली, बघा. आता सावकाश छापू. हे घ्या, एकच पान झालं. चहाही आला.

मधुकर : चष्मा धुकटला. तूच वाच. आधी नाव.

प्रभंजन : नावाच्या जागी सगळी प्रश्नचिन्हं आलीत. एक्सेलला मराठी येत नाही.

जयतीर्थ : पुढे.

प्रभंजन : दोन हजार तीनचं युद्ध. विरुद्ध पक्ष, पोलंडचा कोणीतरी. आपले मेलेले सैनिक, शून्य. त्याचे मेलेले, शून्य. लुटून नेलेला गहू, सगळा.

मधुकर : प्राणहानी झाली नाही, हे महत्त्वाचं.

जयतीर्थ : सदस्य किती दाखवतोय?

प्रभंजन : दोन.

मधुकर : आणि मी नव्हतो तेव्हा?

जयतीर्थ : एक.

मधुकर : ...बरं. चहा निवतोय, घे. आणि सगळ्या संघांत आपला क्रमांक कितवा?

प्रभंजन : शेवटून दुसरा.

जयतीर्थ : मग शेवटचा कोण?

प्रभंजन : एक संघ आहे, अण्णा. त्यात कोणी नाही.