सुकन्या नागपुरात, आबा डोंगरावर

हॅलो?… हॅलो? कोण, ठमाअक्का?… आगं भागू बोलतीया, भागू! लोणी भापकरातनं दुसरं कोण बोलणार?… आता व्हय लागला तुझा फोन!… बंद? सकाळधरनं बंद? आन् मी हितं नंबर लावून लावून दमले…

हो, हो… अगं ऐक ना. रुसू नगंस. तुला बी घेणार व्हतो त्यात. ऋतिकनं सगळ्यांचा मिळून व्हिडिओ कॉल केलता… व्हय! झाली सुकन्या पोलीस! आज परेड झाली, शपथ झाली… नागपूरला, ट्रेनिंग तितंच न्हवं का तिचं?

न्हाय गं, जायला कसं जमंल? माझा गुडघा ह्यो असा सुजलाय. आन् आमचं मालक दिवाळी झाल्यापास्नं मेंढरं घिऊन कोकणात. ऋतिक म्हणला, आये, जागंवरनंच बघू. मग त्यो पुण्यात कंपनीत, ती नागपुरात, ह्ये कोकणातल्या डोंगरावर, आन् मी हितं वट्ट्यावर. सगळी एका फोनात!

परेड? बघितली की! तिच्या मैत्रिणीची आई गेलती, तिनं धरला फोन… आगं, सगळ्यांच्या पुढं कोण? आपली सुकी! एकटी पुढं, आन् तिच्या आवाजावर मागच्या समद्या पोरी वळत्यात… खोटं कशाला बोलू? शेजारची फुलाबाई हितंच बसलीया, इचार तिला… मंग! मेंढरामागं वरडून वरडून कमावलेला आवाज हाय त्यो. ह्येंनीच शिकवला, ल्हान असताना.

काय?… व्हय, ह्येंनी उचलला फोन. मला तर त्याचीच धास्ती व्हती अक्का. तुला ठावं हाय न्हवं, पोलिसात जाती म्हणल्यावर कसं बिनसलं दोघांचं. ती निघाली त्या दिशी ह्ये तोंड बी न बघता रानात गेलं. तवापास्नं तिचा फोन आला की गुमान माझ्या हातात द्यायचं. बोलनंच न्हाय… मी बी मनात म्हणलं, देवा, नुसता उचलू दे.

आगं सांगते ना, मधी बोलू नगंस… परेड झाली, सुकी पळत आली फोनजवळ. डोक्यावर टोपी, घामानं तोंड भिजल्यालं. म्हणली, "आबा…" …न्हाय, काय न्हाय. ह्ये गप. "आबा, दिसतीया का मी?" तरी गप. हलंना, बोलंना. ऋतिक म्हणला, रेंज गेली, आबांचं चित्र अडकलं. काटतो आन् परत लावतो…

मी वरडले, काटू नगंस! मला दिसत व्हतं गं. ह्येंच्या मागं मेंढरं चरत व्हती. एक कोकरू पार पटक्याजवळनं उडी मारून गेलं. समदं हलत व्हतं, ह्येच तेवढं हलत न्हवतं… आन् डोळ्यातनं पानी, अक्का. पुसत बी न्हवतं. पुसलं तर आमाला कळंल म्हणून.

…हां… हां. थांब, नाक पुसते.

मग? मग म्हणलं, "आवाज हितवर घुमला गं पोरी." एवढंच… तिनं टोपी काढली, छातीशी धरली आन् रडली. एवढी परेड गाजवली, आन् रडली ल्हान पोरीवानी. "तुमचाच हाय आबा आवाज," म्हणली… तू रडू नगंस आता! आगं हसायची गोष्ट पुढंच हाय. ह्येंनी फोन फिरवला आन् मेंढरांच्या वाड्यावरच्या समद्या धनगरांना हाका मारल्या. एकेकाच्या तोंडासमोर फोन! "ही माझी लेक, पोलीस. परेडला म्होरं हीच व्हती." एका बाबानं तर सुकीला नमस्कार घातला, बिचारी लाजून लाल! ऋतिक तिकडं हसतोय, मी हितं हसतीया, फुलाबाईनं गूळ वाटला…

व्हय, व्हय, सुट्टीला आली की पळसदेवला घिऊन येते. वर्दीतच आणते, तुझ्या सगळ्या आळीला बघू दे… आगं छाती फुगणारच की! आपल्या घरात कुणी घातली व्हती वर्दी?

थांब… मधीच काय वाजतंय… आगं बाई! ह्येंचा फोन! व्हिडिओचा! स्वताहून लावलाय… अक्का, ह्या माणसानं आजवर मला सादा फोन बी कदी लावला न्हाय गं… ठेव, ठेव तू! पदर नीट करू दे… फुलाबाई, कुठलं दाबू? हिरवं?… हॅलो? आवो… दिसतीया का मी?