हौसाबाईंच्या बोटीतलं ऑइल

चहा येईतो माझी फजिती ऐका. डिंभे धरणाच्या पाण्यावर हौसाबाई एक जुनी जेट बोट चालवतात. परवा घोडेगावच्या बाजाराला निघालेले लोक बोटीत बसले होते. बाई मला म्हणाल्या, "सर, तेवढं ऑइल बघता का?"

मी इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी काढून पुसली, पुन्हा घालून पाहिली. ऑइल खुणेच्या बरंच खाली होतं. इंजिन जळालं तर बाईंची बोट कायमची बंद, या धास्तीने मी घाईने ऑइलचा कॅन उघडला.

"थांबा सर. बोटीचं नाक काठावर चढलंय. पट्टी पुढं हाय, ऑइल मागं सरकलं आसंल," बाई म्हणाल्या.

त्यांनी बोट पाण्यात ढकलायला लावली. फळीवर पाण्याचा पेला ठेवला आणि त्यातलं पाणी पेल्याच्या काठाशी समांतर दिसेपर्यंत माणसं मागची पुढं बसवली. मग पट्टी काढली. ऑइल बरोबर खुणेवर.

"आन् वतलं आसतं तर?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"जादा ऑइलनं सील फुटून इंजिन बसलं आसतं. मागं माझ्याच हातनं झालं व्हतं."

म्हाताऱ्याने माझ्याकडे बोट केलं. "हे पावणं कोण?"

"कालिजात इंजिन शिकवायचे."

"मंग बसू द्या की रोज," तो म्हणाला. "शिकतील."

उद्यापासून जातोय.