एकटीचा होकार

(आमदार निवासातली खोली. दुपार. पलंगावर उघडी बॅग.)

बाई : दार लोटून घ्या, वकीलबाई. सत्ताधारी आमदार माझ्या खोलीत दिसली, तर उद्या तुमच्याही पक्षात चौकशी लागेल.

वकीलबाई : लागू दे. जेवलात का?

बाई : उपाहारगृहात गेले होते. आमच्या टेबलाजवळ पोचले तर सगळ्यांची जेवणं एकदम आटोपली. ताटं भरलेली होती, तरी आटोपली.

वकीलबाई : आणि तुमच्यातल्या बायका?

बाई : काल मतदानाला माझं नाव पुकारलं आणि मी ‘हो’ म्हटलं, तेव्हा त्या खाली बघत होत्या. परीक्षेत मुली बघतात ना, तशा. मग एक जण हात धुवायच्या जागी भेटली. नळ सोडला, माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, बोलेल काहीतरी. नळ बंद केला आणि गेली.

वकीलबाई : खरं सांगू? तुमच्या मताची आम्हाला गरज नव्हती. बहुमत आमचं होतं. पक्षाचा व्हीप मोडून मिळवलंत काय? आमदारकी जाईल.

बाई : ठाऊक आहे. पण मोलकरणींना बाळंतपणाची पगारी रजा, हे विधेयक पहिल्यांदा मांडलं कुणी?

वकीलबाई : तुम्ही. मागच्या वर्षी.

बाई : मसुदा तुम्ही दुरुस्त केलात, याच पलंगावर बसून. आणि मतदानाला ‘नाही’ म्हणालात.

वकीलबाई : व्हीप होता, बाई. तुम्ही विरोधी बाकावरून आणलेलं आम्ही कसं मंजूर करणार?

बाई : मी रागावले नाही तेव्हा. यंदा तेच तुमच्या मंत्र्यांनी आणलं, तर आमच्या साहेबांना त्यात खोट दिसली. माझेच शब्द, आणि त्या शब्दांनाच मी ‘नाही’ म्हणायचं. माझी एक विद्यार्थिनी होती. बाळंतपणाला आठवडा झाला नव्हता, तर दुसऱ्याच्या घरची फरशी पुसताना कोसळली. वाचली नाही. तिची आई प्रेक्षकांच्या सज्ज्यात बसली होती काल. मीच बोलावलेलं.

वकीलबाई : घरी काय म्हणतात?

बाई : आमचे हे पक्षाचे तालुकाध्यक्ष. त्यांनी फोन उचललाच नाही. जाऊबाईंचा आला. म्हणाल्या, येणार असाल तर मागच्या दारानं या, ओसरीत कार्यकर्ते बसलेत. माझ्याच घरात मी चोरासारखी शिरायची.

वकीलबाई : म्हणून तर आले मी. आमचे साहेब म्हणतात, बाईंना आपल्यात घ्या. तिकीट नक्की, महामंडळही देऊ. प्रवेश आजच संध्याकाळी, पत्रकारांसमोर.

बाई : अच्छा. निरोप आणलात होय?

वकीलबाई : तसं नाही…

बाई : जिन्यात तुमची पावलं ओळखली मी. म्हटलं, चला, कुणीतरी भेटायला आलं.

वकीलबाई : बाई, एकटीनं राजकारण होत नाही. सभागृहात तुमच्याशेजारी कुणी बसणार नाही आता.

बाई : आणि तुमच्याकडे आले तर शेजारी तुम्ही बसाल. मग एक दिवस तुमचा व्हीप येईल, आणि तुम्हीही खालीच बघाल.

वकीलबाई : लावून बोलताय?

बाई : लावून बोलत नाही मी. तुमची दोन मुलं आहेत, वकिली तुम्ही केव्हाच सोडलीत. कळतं मला. चहा टाकू?

वकीलबाई : खाली गाडीत साहेब थांबलेत.

बाई : मग थांबू नका.

वकीलबाई : त्यांना काय सांगू?

बाई : सांगा, बाई भेटल्याच नाहीत.