विहिरीतला फ्लॅश

आपण कधी कशाला भ्यालो नाही, एक कोरडी विहीर सोडली तर. लातूर जिल्हा नवा झालेला, वर दुष्काळ. गावाला पाण्याचा टँकर द्यायला तहसीलच्या साहेबांना आटलेल्या विहिरीचा फोटो पाहिजे होता. कॅमेरा माझा, म्हणून दोस्त मन्मथप्पानं मलाच दोरानं खाली सोडलं. तळाला मिट्ट अंधार. फ्लॅश मारला तर पायाजवळ फणा काढलेला नाग. पुन्हा अंधार. तेव्हाचा फ्लॅश दुसऱ्यांदा पेटायला लई वेळ घ्यायचा. तोवर नाग कुठं सरकला, कळेना.

"मन्मथप्पा, वढ बाबा, नाग हाय."

रबरी साप टाकून त्याला मी कितींदा पळवलेलं. वरून निवांत आवाज आला, "फोटू काढलास न्हवं? आधी रोल धुऊन आण. फोटूत नाग दिसला तर वढतो."