मधोमध दाबलेली ट्यूब

धाकटी : स्कार्फ काढ, ताई. पार्लरच्या आत कसली धूळ लागतेय तुला?

थोरली : घसा धरलाय.

धाकटी : घसा गालावर असतो होय? आणि आरशावर टॉवेल का टाकलायस?

थोरली : हौस. सकाळपासून येईल ती बाई विचारतेय, "धाकट्या ताई कधी येणार? काय चेहरा उजळलाय हो त्यांचा!" इतकी वर्षं दोरा फिरवून बोटं कापली माझी, आणि रांग तुझ्या खुर्चीपाशी.

धाकटी : काढ म्हणते ना... अगं बाई! सोललाय की गाल!

थोरली : हळू बोल. बाहेर बाकावर बसलंय कुणीतरी.

धाकटी : माझी ट्यूब लावलीस.

थोरली : कोण म्हणतं?

धाकटी : मी शेपटीकडून गुंडाळत नेते. मधोमध दाबून तिची कंबर मोडणारी आपल्यात एकच आहे. कशी लावलीस?

थोरली : लावतात तशीच. आधी वाफ घेतली, मग स्क्रब. मग बोटभर घेऊन मसाज, डोळ्यांखालीसुद्धा. सकाळ-संध्याकाळ.

धाकटी : औषधाचं फेशियल केलंस?

थोरली : मला जे येतं तेच करणार ना मी!

धाकटी : वाटाण्याएवढं, ताई. अख्ख्या चेहऱ्याला मिळून एक वाटाणा. तेही रात्री, कोरड्या तोंडाला, डोळे नि ओठांचे कोपरे सोडून. दिवसा उन्हाचं क्रीम. वाफ नाही, घासणं नाही, वॅक्स तर... ओठावर वॅक्स केलंस?

थोरली : केलं. पट्टीबरोबर कातडीही आली.

धाकटी : आणि ते पुटकुळ्यांवरचं, डॉक्टरांनी मला तपासून दिलेलं. तुला जन्मात पुटकुळी ठाऊक नाही!

थोरली : वांगाचे डाग आलेत. तू कुठे बघतेस माझ्याकडे आता? लहानपणी घरी कुणी आलं की मला पुढे बसवायचे आणि तुला पाणी आणायला पिटाळायचे. मला आवडायचं ते, खोटं कशाला बोलू? आता तुझ्या गिऱ्हाइकांना पाणी मी देते.

धाकटी : मान वर कर. थंड पाण्याची घडी आहे, झोंबणार नाही.

थोरली : ट्यूबची कंबर मोडलेली कधी दिसली तुला?

धाकटी : हलू नकोस.

थोरली : आज?

धाकटी : गेल्या आठवड्यात.

थोरली : आणि बोलली नाहीस?

धाकटी : ...म्हटलं, एकदा तरी तुझ्या तोंडाकडे बघून लोकांनी नजर फिरवावी. माझ्याकडे बघून फिरवायचे तशी. इतकं होईल असं नव्हतं वाटलं गं.

थोरली : शोभतेस खरी माझी बहीण.

(बाहेरून दार वाजतं.)

गिऱ्हाईक : धाकट्या ताई आल्या का?

धाकटी : आज बंद आहे हो! ...ऊठ. डॉक्टरीणबाई बसल्या असतील. काय काय केलंस ते सगळं सांगायचं, वाफेसकट. तोवर चेहऱ्याला काही लावायचं नाही. पार्लरमधलं तर नाहीच.

थोरली : आणि तू काय सांगणार?

धाकटी : विचारलं तर माझंही सांगेन.

थोरली : न विचारता सांग. स्कार्फ दे तो.

धाकटी : घासेल. ऊन लागू नये म्हणून छत्री घेते. मी धरते, चल.

थोरली : धर. पण माझ्या बाजूला कलती धर. तुझा चेहरा बघून झालाय सगळ्यांचा.