पिकअपच्या पत्त्यावर सासूबाई

—नाही मॅडम, तसं नाही, परत सांगते. दुकानाने रायडरबाईची तक्रार केली, तुम्ही रायडरबाईला ॲपवर बंद केलंत — इथपर्यंत बरोबर? आता रायडरबाई म्हणजे मी. आणि दुकान पण आमचंच. हसू नका हो. बरं, हसा, पण हसत हसत तेवढं चालू करून द्या. आणि ते दार असू दे उघडंच, हा पंखा नुसता फिरतोय, वारा काही लागत नाही. बाहेर बाकावर आमच्या सासूबाई बसल्यात — हो, त्याच, पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलेल्या, पिशवीत कुणी हात घालणार असल्यासारख्या — त्यांना ऐकू येत नाही, तुम्ही खुशाल बोला. म्हणजे येतं, पण सोयीचं तेवढंच येतं.

तर दुकान. दुकान म्हणजे काय, आमच्या मागच्या खोलीत आहे. मांजरांचे पलंग. मांजरांचे, हो. बरोबर ऐकलंत. चार पाय, उशाला फळी, वर गादी. घडीचे असतात, कुठेही न्या. तुमच्याकडे नाही ना मांजर? मग तुम्हाला नाही कळायचं. मी आधी फर्निचरच्या दुकानात बिलं करायचे, दिवसभर खुर्चीत, आणि मागे सुतारांकडे लाकडाचे इतके चांगले तुकडे वाया जायचे की माझा जीव तुटायचा. एक दिवस त्यांच्याकडून शिकून एक छोटा पलंग केला, आमच्या मांजरासाठी, गंमत म्हणून. मांजराने ढुंकून बघितलं नाही! मग सासूबाई आल्या, म्हणाल्या, असल्या फळकुटावर तू तरी झोपशील का — आणि जुन्या चादरी उसवून, कापूस पिंजून, अशी गादी शिवली, की मांजर तीन दिवस त्या पलंगावरून उठलं नाही. जेवायला उठलं असेल, मी काही पहारा देत नव्हते. पण तिथून डोक्यात किडा शिरला.

नोकरी सोडली मी. आमचे हे म्हणाले, सोडतेस? मी म्हटलं, सोडते. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. त्यांची तीच पद्धत, पटलं तरी तेच आणि नाही पटलं तरी तेच. पण पलंग काय पहिल्या दिवसापासून पोट भरणार आहेत का? नाही भरणार. म्हणून तुमची ही स्कूटरची कामं धरली. वेल वर चढेपर्यंत काठी लावतो ना आपण, तशी. मनात आलं की ॲप चालू, पार्सलं पोचवायची, ऑर्डर आली की ॲप बंद आणि करवत हातात. कुणाची परवानगी नाही, रजेचा अर्ज नाही. छान चाललं होतं, देवाशपथ. खोटं कशाला बोलू, स्कूटरवर मला मजा सुद्धा येते.

आता आमचा माल पण तुमच्याच ॲपवर विकला जातो, म्हणजे तो न्यायला तुमचाच रायडर लागतो. आणि ॲप काय करतं? सगळ्यांत जवळच्या रायडरला काम देतं. तर मी काय करायचे — सासूबाई तिकडे दुकानाच्या फोनवर रायडर मागवायच्या, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून रायडरचा फोन चालू ठेवायचे. जवळचा रायडर कोण? मी! ओट्यापासून दारापर्यंत अंतर किती ते! दुकान देतं ते डिलिव्हरीचे पैसे पण आमच्याच घरात परत येतात, तुमचं कमिशन जाऊन, आणि वर माझी फेरी मोजली जाते, बोनसला — तुम्ही हे का लिहिताय? नका ना लिहू, हे मी मैत्रिणीला सांगावं तसं सांगितलं. खोडा. बरं, बारीक अक्षरात तरी लिहा.

तर भांडण कुठे झालं? स्टारमध्ये. तुमचा नियमच आहे तो, फेरी संपली की दुकानाने रायडरला स्टार द्यायचे आणि रायडरने दुकानाला. मी सांगितलं, आई, पाच दाबायचे आणि फोन ठेवून द्यायचा. पण त्या कुठल्या ठेवतात! पहिल्याच दिवशी विचारलं, पाच म्हणजे काय? म्हटलं, उत्तम. तर म्हणाल्या, उत्तम होतं का? आणि चार दिले. का, तर मी जाताना येते म्हणाले नाही. पुढच्या वेळी तीन, शेरा — ‘हेल्मेट घालते पण डबा नेत नाही.’ आणखी एकदा, ‘रायडर हुशार आहे, पण तिला ते माहीत आहे.’ घ्या! बावीस वर्षं एका घरात राहतोय आम्ही मॅडम, तोंडावर कधी एवढं बोलल्या नाहीत त्या माझ्याशी. तुम्ही शेऱ्याला जागा ठेवलीत आणि त्यांना वाचा फुटली.

मी गप्प बसले असं नाही. रायडरच्या फोनवरून मी पण दुकानाला लिहिलं — ‘पार्सल तयार नसते, गादीचा टाका उसवून पुन्हा घालणे चालू असते.’ त्यावर त्यांनी लिहिलं, ‘चांगल्या कामाला वेळ लागतो, रायडरला ठाऊक नसेल.’ म्हणजे बघा, एकाच खोलीत समोरासमोर बसायचं, मधे चहा, आणि दोघींची बोटं फोनवर. आमचे हे मधे यायचे, बघायचे, आणि टीव्हीकडे जायचे.

आणि मग ते दूध. गुरुवारी मी दूध तापत ठेवलं, तेवढ्यात फेरी आली, आमचीच, पलंगाची. मी म्हटलं, आई, दुधाकडे बघा, आणि निघाले. त्या म्हणतात, मी म्हणालेच नाही. मी म्हणते, म्हणाले. दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली, खालून मागच्या खोलीत, आणि तिथे होती नवी शिवलेली गादी. संध्याकाळी घरी आले तर एक स्टार. शेरा — ‘वर्तणूक: बेजबाबदार. जळता गॅस सोडून पळून जाते.’ तुमच्या त्या मशीनने ‘गॅस’ आणि ‘जळता’ एवढंच वाचलं असेल, त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, मला दुसऱ्या मिनिटाला बंद केलं! आता तुम्ही म्हणता, दुकानदाराने स्वतः शेरा बदलला तरच चालू होईल. मी काल हात जोडले त्यांच्यापुढे. तर काय म्हणाल्या माहितीये? ‘मी खोटं लिहिलंय का?’ नाही लिहिलं हो खोटं, तीच तर पंचाईत आहे.

बरं, मी बंद तर बंद, दुसरा रायडर यावा ना? आज संध्याकाळी एका मांजरांच्या वसतिगृहाचं उद्घाटन आहे — असतं हो, लोक गावाला जातात तेव्हा मांजरं ठेवतात — तिथल्या बाईंनी डझनभर पलंग मागवलेत. डझनभर! हा माल पोचला आणि तिथे चार लोकांनी बघितला, तर मला स्कूटरवर अर्धाच दिवस काढावा लागेल, उरलेला अर्धा माझा. नाही पोचला तर त्या दुसरीकडून आणणार, तसं स्पष्ट म्हणाल्यात. आणि माझ्याच स्कूटरवर तशीच घेऊन जाऊ म्हटलं, तर तुमच्या रायडरने कोड टाकल्याशिवाय माल पोचला असं तुम्ही धरत नाही. सकाळपासून सासूबाई दुकानाच्या फोनवर रायडर मागवतायत, एक कुणी फिरकत नाही आमच्या दाराशी. पलंग बांधून दारात उभे, येणारे-जाणारे विचारतायत कुणाचं लग्न आहे. ही तुमच्या कंपनीची चूक नाही तर कुणाची? सांगा ना. का येत नाहीत?

काय दाखवताय? स्क्रीन इकडे वळवा जरा. ‘धोकादायक पत्ता.’ आमचा पत्ता! कुणी केला हा चावटपणा? ‘कारण: पिकअपच्या जागी आक्रमक व्यक्ती.’ आक्रमक? आमच्याकडे? कुणी नोंदवलं हे, नाव सांगा, मी आत्ता त्याला —

अच्छा.

गुरुवारी रात्री का? हं. असेल. अहो, एक स्टार बघितल्यावर माझं डोकं ठिकाणावर होतं का? कामं बंद केलीत, पण रायडरने तक्रार नोंदवायचं पान उघडत होतं; तिथे तीन पर्याय होते, अरुंद जिना, मोकाट कुत्रा, आणि आक्रमक व्यक्ती. जिना आम्हाला नाही. कुत्रा नाही. राहिलं काय? बोट गेलं. मला काय माहीत, तुम्ही सगळ्या रायडर लोकांना ते लाल खूण करून दाखवाल म्हणून! मला वाटलं, नुसतं मनातलं बाहेर काढायची सोय आहे. त्यांना सांगू नका हां हे. त्या सकाळभर दारात उभ्या राहून रस्त्याकडे बघत होत्या, म्हणत होत्या, आज सगळे रायडर गेले कुठे मेले.

हे मागे घेता येतं ना? घ्या, घ्या मागे. माझंच आहे ते, मला अधिकार आहे. कारण लिहावं लागतं? काय कारण लिहू... लिहा, ‘आक्रमक नाहीत.’ एवढं पुरत नाही? मग लिहा — थांबा, नीट सांगू दे. मी दिवसभर स्कूटरवर, आमचे हे कामावर, घरात त्या आणि मांजर. मांजर ऐकून तरी किती घेणार? संध्याकाळी मी दारात पाऊल टाकते आणि दिवसभर साठलेलं सगळं त्या माझ्या अंगावर ओततात, आणि मला वाटतं भांडायलाच बसल्यात. भांडत नसतात हो. वाट बघत असतात. रायडर मागवायचा तरी त्या मीच यावी म्हणून आधी स्वयंपाकघरात डोकावून बघायच्या, मी आहे ना, फोन चालू आहे ना. आणि गादी त्यांचीच आहे, मॅडम. लोक पलंग म्हणतात, पण मांजर काय फळीवर झोपतं? माझं नुसतं लाकूड आहे. हे मी त्यांना कधी म्हटलं नाही, म्हटलं तर डोक्यावर बसतील. ती भिजलेली गादी त्यांनी रात्रभर बसून परत शिवली आणि मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, नुसता तो एक स्टार. माझी चूक होती. मी दुधाबद्दल म्हणालेच नव्हते, मनातल्या मनात म्हणाले असेन. एवढं बसेल का त्या चौकटीत? नाही बसत? मग ‘गैरसमज’ लिहा. गैरसमजात सगळं बसतं.

झालं? लाल गेलं? चला, पत्ता तरी सुटला. आता राहिले मी. त्यांना आत बोलवू का? नको, तुमच्यासमोर विचारलं तर आणखी ताठतील. काय करावं बाई या —

थांबा हं, फोन. रायडरचा वाजला, हा तर बंद होता ना? ‘दुकानाने आपला शेरा बदलला आहे.’ कोण दुकान? अहो, आमचंच! बघा, बघा बाहेर, चष्मा कपाळावर, फोन नाकाला लावलाय आणि माझ्याकडे बघत नाहीत, मुद्दाम त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतायत. किती दिले? चार! चाराला चालू होतं ना, मॅडम? बघा बरं तिकडे. झालं? हिरवं झालं! देव तुमचं भलं करो, आता दोन खेपांत पोचवते बघा सगळे, दोरी घेऊनच आलेय मी. पाच काही सुटले नाहीत हातून, पण असू दे, खाली शेरा पण आहे काहीतरी, वाचते — ‘एक दुधाचा कापला. आणि हळू बोल, इथे बाकावर सगळे ऐकतायत.’

...

मॅडम, ते दार जरा लावता का.