खरा दवाखाना

काका : शाळा? कसली शाळा, ताई? मला तर टेबल न्यायला बोलावलंय ना?

ताई : तेच टेबल, काका. आमच्याकडे त्याला शाळा म्हणतात. पाय सुटे होतात त्याचे, आधी ते काढून घ्या.

धाकटा : आणि ते खणांचं कपाट म्हणजे बँक. खोल्या रिकाम्या होईपर्यंत तुमच्या कानावर असं बरंच पडेल. दचकू नका.

काका : असं होय! मघाशी ताई म्हणाल्या, शाळा धाकट्याकडे जाईल, बँकही धाकट्याकडेच. म्हटलं, इस्त्रीवाल्या बाईंनी एवढी इस्टेट केली कधी? माझ्या दुकानातनं मोडक्या खुर्च्या नेणारी बाई!

ताई : इस्टेटच आहे ती.

धाकटा : वस्तू जिथून आली, त्या जागेचं तिला नाव द्यायचं, असा आईचा नियम. एका शाळेनं जुने लाकडी फळे बाहेर काढले, त्यातला एक आई मागून घेऊन आली. डोक्यावरून. मी मागं, आणि रस्ताभर तिला सांगत होतो, डावीकडं खांब आहे, उजवीकडं म्हैस आहे.

ताई : म्हैस नव्हती.

धाकटा : ताई, म्हैस होती.

काका : फळा आहे हा? इतकी वर्षं इथं बसून चहा प्यायलो, कळलं नाही मला.

ताई : काळी बाजू खाली केलीय. दिवसभर त्यावर कांबळं अंथरून इस्त्री चालायची. संध्याकाळी कांबळं काढलं की ताटं. ताटं उचलली की माझी पुस्तकं.

धाकटा : आणि खाली उताणा पडून मी. खडूनं काळ्या बाजूवर चित्रं काढायचो. निम्मा खडू डोळ्यांत जायचा. कुणी विचारलं धाकटा कुठाय, की आई म्हणायची, शाळेखाली गेलाय.

काका : आणि ही बँक खरंच बँकेतली?

ताई : खण उघडून बघा.

काका : 'आवक'... यात तूरडाळ. आणि 'जावक'मध्ये मीठ?

ताई : बँकेनं नवं फर्निचर केलं तेव्हा हे बाहेर अंगणात पडलं होतं. पाट्या काढू या म्हटलं तर आई म्हणाली, राहू देत, डाळीला तेवढाच मान.

काका : बाई भारी! तुम्हाला सांगतो, दुकानात आल्या की मी धास्तावायचो. इतर गिऱ्हाइकं टेबलावर हात फिरवतात, पॉलिश बघतात. या म्हणायच्या, पालथं करा. तोंड काय बघायचं, तोंडाला कुणीही रंग लावतं, पोट दाखवा. मग खाली वाकून सगळे सांधे दाबून बघायच्या. खणात नाक घालायच्या. लाकडाचा भुसा दिसला की संपलं. मला म्हणायच्या, भाऊ, यात आधीच कुणीतरी राहतंय.

धाकटा : आणि गाठींची दोरी!

काका : तर! कमरेला दोरी. पहिली गाठ दाराची रुंदी, दुसरी खिडकीखालची जागा, तिसरी कसली होती?

ताई : धाकट्याची उंची. दर वर्षी सोडून पुन्हा मारायची. त्याला झोपायला काय पुरेल ते बघायला.

काका : एकदा मी मुद्दाम गंमत केली. तीन पायांची खुर्ची पुढं केली. म्हटलं, आता हिचं काय करतील? घेऊन गेल्या. महिन्याभरानं इथं आलो, तर खुर्चीची पाठ भिंतीवर ठोकलेली आणि तिच्या दांड्यांना ओळीनं इस्त्रीचे शर्ट. ते बघून मी दुकानात तसल्या चार करून ठेवल्या. एकही विकली गेली नाही.

ताई : का?

काका : काय माहीत! माझ्या नुसत्या मोडक्या दिसायच्या.

ताई : या खोल्यांत आलो तेव्हा आमच्याकडे इस्त्री होती आणि गिऱ्हाइकांच्या चादरींचं गाठोडं. बाबा नुकतेच गेले होते. फरशी गार होती. धाकटा रडत म्हणाला, त्यातली एक चादर घे ना. आईनं हात लावला नाही. स्वतःची साडी अंथरली. आणि दुसऱ्या दिवशी हा बाक आला.

काका : हा हिरवा? हा मात्र माझ्याकडचा नाही.

धाकटा : हा दवाखाना. चौकातल्या डॉक्टरांनी दवाखाना हलवला, तेव्हा बाहेरच्या खोलीतला बाक. याच्यावर पेशंट बसायचे.

ताई : या घरात आलेली पहिली वस्तू. रात्री आम्ही दोघं त्यावर डोकं-पाय उलटं करून झोपायचो. मोठे झाल्यावर तो तिचा झाला. दुपारी पाठ दुखली की म्हणायची, जरा दवाखान्यात पडते गं.

धाकटा : त्यावरून तर ती मास्तरांची भानगड झाली. सांग ना, ताई. तू छान सांगतेस.

ताई : तूच सांग.

धाकटा : शाळेत पालकांना बोलावलं होतं. म्हणजे खऱ्या शाळेत. मास्तर म्हणाले, तुझी आई का नाही आली? मी म्हटलं, आई दवाखान्यात आहे. खरंच होती! दमून झोपली होती बिचारी. संध्याकाळी मास्तर चेहरा पाडून दारात, हातात संत्र्यांची पिशवी. आणि आत आई या बाकावर घोरतेय.

काका : अरे देवा!

धाकटा : आईनं त्यांना चहा पाजला, संत्री ठेवून घेतली, आणि मास्तर गेल्यावर आम्हाला दोघांना समोर उभं करून नवा नियम काढला. बाहेरचं काही सांगायचं असेल, तर आधी 'खरा' म्हणायचं. खरी शाळा, खरी बँक, खरा दवाखाना. तेव्हापासून ती बाकावर आडवी झाली की आम्ही संत्री नेऊन द्यायचो. गमतीनं. संत्री नसली तर कांदा.

काका : बरं, मग हा दवाखाना चढवू ना टेम्पोत? शाळेच्या शेजारी बसेल.

धाकटा : तो नको. तो तुम्ही दुकानात घेऊन जा.

ताई : दुकानात जाणार नाही तो.

धाकटा : मग तू ने.

ताई : माझ्याकडे सासूबाईंचे दोन पलंग आहेत. आडवं चालावं लागतं आम्हाला. तुला माहीत आहे ते.

काका : तुमचं काय ते ठरवा. मी दोरखंड घेऊन येतो आणि टेम्पो जरा दाराशी लावतो. बाक सागवानी आहे, एवढं सांगून ठेवतो. दुकानात आला तर आठवडाभरात विकला जाईल.

(काका बाहेर जातात. बहीण-भाऊ दोघेच खोलीत.)

ताई : सगळं घेतोयस. दांडी तुटलेली गाळणीसुद्धा घेतलीस. बाक का नको?

धाकटा : जागा नाही.

ताई : तुझ्या दोन खोल्यांत मिळून एक चटई आहे आणि एक बादली. बघून आलेय मी. बायकोला सातवा लागलाय, ती जमिनीवरून उठताना भिंतीला धरते.

धाकटा : बादल्या दोन आहेत.

ताई : विनोद करू नकोस. आई गेली त्या दिवशीही तू हसतच आला होतास.

धाकटा : ताई, काका येतील आता.

ताई : येऊ देत. इतके दिवस बोलले नाही मी. घरभर बायका जमल्या होत्या. आईला आणायचं होतं अजून. आणि तू दारात, हसत, हातात पिशवी. आदल्या दुपारी फोन केला होता तुला. रात्रभर ती दाराकडे बघत होती.

धाकटा : हं.

ताई : हं काय? मी कळवलं नाही का तुला?

धाकटा : कळवलंस. गोदामात आवाज असतो गं. मला नीट ऐकू आलं नसेल.

ताई : नीट ऐकू आलं होतं. मी म्हटलं, आई दवाखान्यात आहे, ये. तू म्हणालास, पडू दे तिला जरा, गोदामातली पाळी संपली की सकाळी येतो. 'पडू दे तिला.' हे तुझे शब्द. त्यावर मी फोन ठेवला. किती दिवस ते शब्द...

धाकटा : बास आता. आवरू या.

ताई : थांब. पिशवीत काय होतं?

धाकटा : कुठल्या पिशवीत?

ताई : पिशवीत संत्री होती.

धाकटा : फोनवर नीट ऐकू येत नाही तिथं, सांगितलं ना.

ताई : मी 'खरा' म्हणाले नाही.

धाकटा : म्हणाली असशील.

ताई : नाही. मी म्हणालेच नाही. नर्स हाक मारत होती, आणि मी... नाही म्हणाले.

धाकटा : घाईत होतीस. कुणी असं नियम आठवून फोन करतं का?

ताई : तुला कधी कळलं?

धाकटा : आत आलो तेव्हा. सगळ्या बायका उभ्या, आणि दवाखाना रिकामा.

ताई : मग सांगितलं का नाहीस? मामा तुला नाही नाही ते बोलला. मी बोलले नाही, पण मी तर त्याहून वाईट केलं. तुझ्याकडे बघितलं नाही.

धाकटा : सांगितलं असतं, तर तू स्वतःला बोलत बसली असतीस. मला कुणी बोललं तर चालतं, सवय आहे. तुझं तुला सोसलं नसतं.

ताई : हे असलं कुणी शिकवलं तुला?

धाकटा : मी शाळेखाली शिकलो.

ताई : नाक पूस. ...ऐक. ती दाराकडे बघत होती ना, मला वाटायचं तुझी वाट बघतेय. आत्ता बोलता बोलता आठवलं. पहाटे मला म्हणाली, एवढी मोठी खाट या दारातून आत घेतली कशी असेल गं? आडवी केली असणार.

धाकटा : खाट?

ताई : दार मोजत होती ती. आणि हातानं खाट हलवून बघितली. म्हणाली, डावा पाय आखूड आहे हिचा, पोट न बघता घेतलेली दिसते. आपला दवाखाना बरा.

धाकटा : खऱ्या दवाखान्यात पडून!

ताई : मी नर्सला हाक मारायला गेले. मला वाटलं, ती भ्रमात बोलतेय.

धाकटा : भ्रमात नव्हती.

ताई : नव्हती. खाली वाकून बघितलं मी नंतर. पायाखाली विटेचा तुकडा होता.

काका : झालं का तुमचं? टेम्पो दाराशी लावलाय, मागं गाड्या खोळंबल्यात. बाकाचं काय ठरलं?

धाकटा : चढवा काका. माझ्याकडे.

काका : म्हणजे शाळा, बँक, दवाखाना, सगळं एकाच घरात! गाव वसवा आता.

धाकटा : दवाखाना नाही म्हणायचं त्याला. वस्तू जिथून येते, त्या जागेचं नाव. हा आता दवाखान्यातून कुठं येतोय?

काका : मग? नाव काय?

धाकटा : बायको काय म्हणेल ते म्हणेल. ताईसाठी माहेर. खिडकीखाली ठेवतो. ऐकतेयस ना, ताई? रविवारी यायचं आणि माहेरी बसायचं. संत्री मी आणीन.

ताई : येईन. काका, एक मिनिट. चढवायच्या आधी जरा पालथा करा. पोट बघते.